स्लॅब फोडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या कॉमिक्सच्या किमतींवरचा लेख आम्ही वाचला. हा विषय मराठी वर्तमानपत्रात आला याचा आनंद आहे. मात्र त्यातल्या एका विधानामुळे पुण्यातले नवे संग्राहक घाई करतील अशी भीती वाटते, म्हणून हे पत्र. ‘ग्रेड कमी आली तर अंक पुन्हा पाठवावा, दुसऱ्या खेपेला ग्रेड वाढते आणि किंमत दुप्पट होते,’ असे त्यात म्हटले होते. ग्रेड, म्हणजे अंकाच्या स्थितीला तपासणाऱ्या कंपनीने दिलेला गुण, कधीकधी वाढते हे खरे. ती कशामुळे वाढते आणि कोणत्या अंकाची काहीही केले तरी वाढत नाही, हे मात्र लेखात नव्हते. ते कळण्याआधी, तपासलेला अंक ज्यात बंद असतो तो प्लास्टिकचा डबा फोडला तर हातात असलेली ग्रेडही जाते. पत्र लांबले आहे, पण यातला तपशील गाळला तर लिहिण्यात अर्थ उरत नाही.

ज्यांना या व्यवहाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सारासोटा इथे असलेली सीजीसी ही कंपनी २००० सालापासून कॉमिक्स तपासून ग्रेड देते. २०१४ मध्ये सीबीसीएस ही दुसरी कंपनी सुरू झाली. तपासनीस अंक हाताळून पाहतात, ०.५ ते १०.० या मापावरची एक पायरी ठरवतात आणि अंक पारदर्शक, कडक डब्यात बंद करतात. संग्राहक त्या डब्याला स्लॅब म्हणतात. मापावर एकूण २५ पायऱ्या आहेत, पण त्या सारख्या अंतरावर नाहीत. ९.० च्या खाली बहुतेक ठिकाणी अर्ध्या गुणाचा फरक असतो. त्याच्या वर ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ आणि १०.० अशी दाटी आहे. पुन्हा पाठवण्याचा सगळा मोह या दाटीतला आहे, कारण तिथे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या फरकासाठी बाजार मोठी रक्कम मोजतो.

ग्रेडइतकेच लेबलही वाचावे लागते. सीजीसीचे निळे लेबल म्हणजे साधी, बिनशर्त ग्रेड. पिवळे म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर कलावंताने सही केलेला अंक. जांभळे म्हणजे अंकावर रंग लावणे, तुकडा जोडणे, कडा कापणे अशी दुरुस्ती झालेली आहे. हिरवे म्हणजे एखादा मोठा दोष बाजूला ठेवून, त्याची नोंद करून दिलेली ग्रेड. शिवाय कागद पांढरा आहे, मळकट पांढरा आहे की पिवळसर झाला आहे, हे लेबलवर वेगळे छापलेले असते. ९.४ निळे आणि ९.४ जांभळे या दोन वेगळ्याच वस्तू आहेत आणि त्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

आता मूळ प्रश्न. अंक तोच असताना ग्रेड बदलते कशी? कारणे दोनच. एक तर मधल्या काळात अंकात खरोखर सुधारणा झालेली असते, म्हणजे तो प्रेस करून सपाट केलेला किंवा कोरड्या पद्धतीने साफ केलेला असतो. किंवा अंक होता तसाच आहे आणि तपासणाऱ्यांचे मत या खेपेला थोडे वेगळे पडले. पहिल्या कारणाचा अंदाज आधी बांधता येतो. दुसऱ्याचा येत नाही. ९.४ आणि ९.६ यांच्या सीमेवरचा अंक दुसऱ्या खेपेला वर जाऊ शकतो, तसाच ९.२ वरही येऊ शकतो, आणि डबा फोडला असेल तर जुन्या ९.४ वर परत हक्क सांगता येत नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, प्रेस केल्याने जाईल असा दोष अंकात दिसत असेल तरच तो पुन्हा पाठवावा. ‘या वेळी नशीब साथ देईल’ एवढ्या भरवशावर पाठवू नये.

हा दोष स्लॅब न फोडता ओळखता येतो. खोलीतले दिवे बंद करा, एकच टेबललॅम्प लावा आणि तो इतका खाली आणा की उजेड मुखपृष्ठावरून जवळजवळ आडवा सरकेल. मग स्लॅब हळूहळू फिरवा. दाबामुळे पडलेला खळगा, बोटाच्या पकडीने आलेला बाक, शेजारच्या अंकाच्या कडेचा उमटलेला ठसा हे सगळे सावलीसारखे दिसतात. उजेडाची दिशा बदलली की सावलीही बदलते आणि समोरून प्रकाश पडला की नाहीशी होते. या जागी शाई शाबूत आहे, कागदाचे तंतू फक्त वाकले आहेत. हे दोष प्रेसिंगने जाऊ शकतात. याउलट कोणत्याही कोनातून पाहिले तरी पांढरीच दिसणारी रेघ म्हणजे तिथली शाई तुटली आहे. कण्यावर, म्हणजे अंकाच्या दुमडलेल्या कडेवर, पिनांच्या आसपास अशा बारीक आडव्या रेघा फार असतात, त्यांना स्पाइन टिक म्हणतात. कपड्याची घडी इस्त्रीने मोडते, विरलेला धागा इस्त्रीने जुळत नाही. इथेही तेच आहे. अशी रेघ दाबल्याने थोडी सपाट होईल, पण पांढरी राहणारच, आणि तपासणारा ती मोजणारच.

स्लॅबच्या प्लास्टिकवरचा ओरखडा आणि अंकावरचा दोष यांत पुष्कळांची गल्लत होते. स्लॅब डोळ्यांसमोर तिरका करून पाहा. ओरखडा खालच्या चित्रावरून सरकताना दिसला तर तो प्लास्टिकचा. चित्राला चिकटूनच राहिला तर अंकाचा. आतल्या पारदर्शक आवरणाचे थर एकमेकांना चिकटतात तिथे इंद्रधनुषी वलये दिसतात. ती अंकाची नसतात आणि तेवढ्यासाठी डबा फोडण्याचे काहीही कारण नाही. डब्यालाच तडा गेला असेल किंवा तो फार घासला असेल, तर ग्रेड तशीच ठेवून डबा बदलून देण्याची सेवा कंपनीकडे आहे. तेवढ्यावर काम भागत असेल तर भागवावे. तपासनिसांनी त्या अंकाबद्दल नोंदी केलेल्या असतील तर त्या प्रमाणपत्र क्रमांकावरून मिळतात. त्या आधी वाचाव्यात. ‘मागील मुखपृष्ठावर हलका बाक’ अशी नोंद असेल तर आशा आहे. ‘कण्यावर रंग तुटलेल्या रेघा’ किंवा ‘डाग’ असे असेल तर विषय तिथेच संपवावा.

प्रेसिंगने काय जात नाही याची यादी लांब आहे आणि ती पाठ असायला हवी. फाटलेली कड, निघालेला तुकडा, पाण्याच्या डागाची तपकिरी किनार, पिनांचा गंज आणि तो कागदात उतरलेला डाग, दमटपणाने आलेले तांबूस ठिपके, उन्हाने विटलेला रंग, अंकांच्या थप्पीत बाहेर राहिलेल्या पट्टीवर चढलेला काळपट पट्टा, पेनने लिहिलेले नाव, सेलोटेप, आणि कागदाचा पिवळेपणा. छापखान्यातून वाकडे दुमडून आलेले मुखपृष्ठही सरळ होत नाही. कोरड्या साफसफाईने वरवरची धूळ, बोटांचे ठसे, पेन्सिलीची खूण निघू शकते, पण खोडरबर जोरात चालवला तर चकाकी जाते आणि घासली गेलेली जागा आडव्या उजेडात लगेच दिसते. सीजीसी साधे प्रेसिंग आणि कोरडी साफसफाई ही दुरुस्ती मानत नाही, त्यामुळे निळे लेबल टिकते. रंगाचा एक ठिपका लावला, कड कापून सरळ केली, की लेबलचा रंग बदलू शकतो.

प्रेसिंग म्हणजे नेमके काय, तेही सांगायला हवे, कारण पुण्यात कपड्यांच्या इस्त्रीने हा प्रयोग घरी करण्याचे सल्ले कानावर येतात. यात तीन गोष्टी लागतात: ओलसरपणा, उष्णता आणि एकसारखा दाब. आधी अंक एका बंद पेटीत ठेवून हवेतून थोडी आर्द्रता दिली जाते, पाणी त्याला टेकू न देता. तंतू मऊ झाले की मुखपृष्ठाच्या आत आणि मधल्या पानांत गुळगुळीत, आम्लरहित पुठ्ठे व न चिकटणारे कागद घालून अंक छायाचित्रे माउंट करण्याच्या सपाट प्रेसमध्ये ठेवतात. तापमान कागदाच्या वयानुसार साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअस. उष्णता काही मिनिटेच द्यायची असते. खरे काम त्यानंतरच्या थंड होण्यात होते. यंत्र बंद करून त्याच दाबाखाली अंक रात्रभर ठेवला तरच तंतू नव्या जागी बसतात. घाईने काढला तर काही आठवड्यांत बाक परत येतो. सुती कपड्यांसाठी लावलेली घरची इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते, तिचा दाब टोकाशी जास्त आणि मागे कमी असतो, वाफेची भोके वेगळीच. तिने मुखपृष्ठाची शाई शेजारच्या पानाला चिकटते आणि चकाकीवर कायमचा धुरकट डाग राहतो.

यंत्राने केलेले प्रेसिंगही बिघडते. पिनांभोवती पुठ्ठ्याची जागा मोकळी ठेवली नाही तर पिनेचा ठसा पुढच्या पानांवर आणि मुखपृष्ठावर उमटतो. पिनेच्या भोकाशी कागद आधीच कमकुवत असेल तर मुखपृष्ठ पिनेतून सुटते. आर्द्रता जास्त झाली तर मुखपृष्ठ आक्रसते आणि आतली पाने उजव्या कडेने बाहेर डोकावू लागतात. आतली पाने पंख्यासारखी पायरीपायरीने सरकतात. हे सगळे दोष तपासनिसाला माहीत असतात आणि त्यांच्यासाठी अंकाचे गुण कापले जातात, म्हणजे वाढीसाठी केलेले काम घट घेऊन येते. म्हणून प्रेस करणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: पिनांचे संरक्षण कसे करता, आणि अंक किती तास दाबाखाली थंड होतो. उत्तर टाळले तर अंक त्याच्या हाती देऊ नये. आणि एक गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. तुमचा अंक ग्रेड मिळण्याआधीच प्रेस झालेला असू शकतो. कणा पट्टीसारखा सपाट, एकही खळगा नाही, पिनांभोवती पुसट चौकोनी ठसा, अशी चिन्हे असतील तर पुन्हा दाबून मिळण्यासारखे काही उरलेले नाही.

ऋतूचा विचार पुण्यात करावाच लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये शहरातली हवा दिवसेंदिवस ओली असते, आणि स्लॅबमधून बाहेर काढलेले मुखपृष्ठ एका रात्रीत लाटेसारखे वळू शकते, कारण त्याची छापलेली चकचकीत बाजू आणि आतली साधी बाजू ओलावा सारख्या वेगाने घेत नाहीत. एप्रिल-मेमधल्या दुपारी उलटे होते. कागद इतका कोरडा पडतो की कण्यावर जरा जास्त उघडला तरी नवी रेघ उमटते. डबा फोडण्याचे, प्रेसिंगचे आणि पाठवणीचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. प्रेस होऊन आलेला अंक पावसाळ्यात आठवडाभर टेबलावर पडला, तर दिलेले पैसे हवेत गेले समजावे.

स्लॅब फोडणे हे एक वेगळेच हस्तकौशल्य आहे. सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे न फोडणे. अंक स्लॅबसकट कंपनीकडे पाठवता येतो, तिचे लोक तो काढतात, सीजीसीशी संलग्न असलेल्या विभागाकडून प्रेसिंग करून घेता येते आणि मग तो पुन्हा तपासणीला जातो. पिवळ्या लेबलच्या अंकाला तर दुसरा मार्गच नाही. तो तुम्ही घरी उघडला की साक्षीदारासमोर झालेल्या सहीची साखळी तुटते, सही खरी असली तरी पिवळे लेबल परत मिळत नाही. ही चूक भरून काढता येत नाही, म्हणून ती ठळक अक्षरांत छापली तरी चालेल.

निळ्या लेबलचा अंक घरीच काढायचा असेल तर घाई करू नये. आधी दोन्ही बाजूंची स्कॅनरवर ६०० डीपीआयची प्रत घ्यावी. पुढे काही वाद झाला तर हाच पुरावा. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, क्रीम लावलेले नसावे. बाहेरचा कडक डबा कडांना जोडलेला असतो. लेबलच्या बाजूच्या कोपऱ्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून थोडे थोडे पिळत जोड सुटा करावा, आणि हत्याराचे टोक नेहमी अंकापासून दूर राहील असे धरावे. डबा मधून वाकवून तोडू नये, कारण वाकलेल्या प्लास्टिकबरोबर अंकही वाकतो. आत मऊ पारदर्शक पाकिटात अंक बंद असतो. हे पाकीट कात्रीने कडेच्या जोडावर, अंकापासून दूर, तीन बाजूंनी कापून पुस्तकासारखे उघडावे. एकच बाजू कापून अंक ओढून काढू नये. सगळ्यात जास्त कोपरे तिथेच मोडतात. प्लास्टिकचे बारीक तुकडे टेबलावर पडतात, ते आधी झटकून मगच अंक खाली ठेवावा. जुन्या अंकांच्या मुखपृष्ठाआड आम्ल शोषणारा पातळ कागद घातलेला असू शकतो, तो ओढू नये.

जुने लेबल फेकून देऊ नये, आणि हे आम्ही आग्रहाने सांगतो. कोणत्या अंकाच्या कोणत्या ग्रेडच्या किती प्रती आहेत याची गणना कंपनी प्रसिद्ध करते आणि खरेदीदार तिच्यावर विसंबून किंमत ठरवतात. एकच प्रत तीनदा फोडून तीनदा पाठवली आणि जुनी लेबले परत दिली नाहीत, तर गणनेत तीन प्रती दिसतात. दुर्मीळ अंक मग मुबलक वाटू लागतो. नव्या पाठवणीसोबत जुने लेबल जोडले की जुनी नोंद काढून टाकता येते. यात दोन मिनिटे जातात आणि सगळ्या संग्राहकांचे भले होते.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते आहेत, बाजारभाव नव्हेत. समजा ९.४ चा अंक ४०,००० रुपयांचा आहे, तोच ९.६ ला ५२,००० आणि ९.२ ला ३२,००० होतो. प्रेसिंग, तपासणीची फी, दोन्हीकडचा वाहतूक खर्च व विमा धरून १४,००० रुपये जातात. दहापैकी तीन वेळा ग्रेड वाढते, पाच वेळा तशीच राहते, दोन वेळा घटते असे धरले तर सरासरी किंमत ४२,००० येते. म्हणजे मिळाले २,००० आणि गेले १४,०००. तोच अंक ९.६ चा असेल, आणि ९.८ ला १,२०,००० रुपये मिळत असतील, तर त्याच प्रमाणाने सरासरी ७०,००० येते. १८,००० ची वाढ, खर्च वजा जाता ४,००० उरतात. तेही बऱ्याच अंकांची सरासरी काढली तर. एकाच अंकाच्या मालकाला दहापैकी सात वेळा खिशातूनच घालावे लागतात. हा हिशेब आपल्या अंकाचे खरे विक्रीचे आकडे घालून कागदावर मांडावा. मागितलेल्या किमती धरू नयेत, पूर्ण झालेल्या विक्रीच्या धराव्यात. वाढीव ग्रेडमुळे अंकाची किंमत वरच्या टप्प्यात गेली तर फीसुद्धा वाढू शकते, तीही धरावी. एकाच प्रकारचे बरेच नवे अंक असतील तर किमान ग्रेड ठरवून आधी चाळणी करून घेण्याची सोय आहे. त्यात ठरवलेल्या ग्रेडखालचे अंक स्लॅबशिवाय, कमी फी घेऊन परत येतात. तिला अंकांची किमान संख्या लागते, म्हणून एकट्याच्या एका अंकाला ती उपयोगी नाही.

आता आमच्या मनाला सर्वांत जवळचा भाग. गेल्या काही वर्षांत मराठी इंद्रजाल कॉमिक्सही याच वाटेने नेण्याची भाषा सुरू झाली आहे. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली आणि वेताळ, मँड्रेक, बहादूर यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा रद्दीच्या दुकानांत हे अंक आजही सापडतात, पण कोणत्या अवस्थेत ते पाहा. वाचनालयांनी दहा-बारा अंक एकत्र घेऊन जाड दोऱ्याने शिवले, पुठ्ठा चढवला आणि बाइंडरने तीन बाजूंनी कडा कापल्या. शिवणीची भोके कण्याजवळ राहिली, पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का आहे, पिना गंजल्या आहेत. कापलेल्या कडा कोणत्याही प्रेसने परत येत नाहीत. आतला कागद हलक्या दर्जाचा, आम्लयुक्त. त्याला प्रेसची उष्णता मिळाली तर तो आणखी ठिसूळ होतो. अशा अंकाची ग्रेड ३.० आली काय आणि ४.० आली काय, मराठी आवृत्तीचा शोध घेणारा ती पायरी पाहून किंमत ठरवत नाही. तो पूर्ण आहे का, मधली पाने आहेत का, मुखपृष्ठ मूळचे आहे का, हे विचारतो. अंक मिळणेच दुर्मीळ असेल तिथे पायरीला किंमत नसते. सारखे अंक हजारोंनी उपलब्ध असतील तिथेच ती असते.

इंद्रजालचा एखादा अंक चांगल्या स्थितीत असेल तर त्याला स्लॅबपेक्षा साध्या जतनाची गरज आहे. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून, खोक्यात उभा ठेवावा. पाकिटाला पीव्हीसीचा वास येत असेल तर ते वापरू नये. खोके पावसाच्या भिंतीला लागून किंवा माळ्यावर ठेवू नये. आत सिलिका जेल असावी आणि पावसाळ्यात ती दर काही आठवड्यांनी तापवून परत घालावी. दर दोन महिन्यांनी खोके उघडून कसर आहे का पाहावे. ती आधी कण्याची खळ आणि मुखपृष्ठाची चकाकी खाते. गंजलेली पिन स्वतः बदलू नये, तीही दुरुस्तीत मोजली जाते. जुन्या कागदाच्या जतनाची जाण पुण्यात आहे; भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांवर असे काम चालते. कॉमिक्सच्या संग्राहकांनी आधी अशा ठिकाणी कागदाबद्दल शिकून घ्यावे, मगच प्रेसच्या जाहिरातीकडे वळावे.

जांभळ्या लेबलच्या अंकांबद्दल एक वेगळी सूचना. कण्यावरच्या दोन-तीन ठिपक्यांना कुणी रंग लावल्यामुळे जांभळे झालेले अंक स्वस्तात मिळतात. रंग शास्त्रशुद्ध पद्धतीने काढला तर खाली पांढरी जागा उघडी पडते, ग्रेड खाली येते, पण लेबल निळे होऊ शकते, आणि कधी कधी खालच्या ग्रेडच्या निळ्याला वरच्या जांभळ्यापेक्षा जास्त मिळतात. हे काम कागदाच्या दुरुस्तीचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे आहे. कडा कापल्यामुळे जांभळा झालेला अंक मात्र कधीच निळा होत नाही. लेबलवर दुरुस्तीचा तपशील छापलेला असतो, तो न वाचता असे अंक घेऊ नयेत.

पाठवणीत अंकाला सर्वांत जास्त इजा होते. आतल्या पाकिटात अंक सैल असेल तर हिसक्यांनी तो सरकतो आणि कोपऱ्याशी, कण्याच्या टोकाशी बारीक फाट पडते. अंक बाहेरून पाहिला तर डबा अखंड, आत नुकसान झालेले. स्लॅब बबल पाकिटात घालावा, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये बांधावा, चारही बाजूंना किमान ५ सेंटिमीटर भरण राहील अशा खोक्यात ठेवावा आणि ते खोके दुसऱ्या खोक्यात घालावे. हलवून पाहावे, आवाज आला तर भरण अपुरे आहे. कुरिअरची जबाबदारी तुम्ही जाहीर केलेल्या किमतीपुरतीच असते, म्हणून पूर्ण किंमत लिहून विमा घ्यावा. ‘भेटवस्तू’ किंवा ‘नमुना’ असे लिहून किंमत दडवली तर विमाही मिळत नाही आणि कस्टम्समध्ये अडचणी येतात. परत येणारा अंक तोच आहे हे दाखवण्यासाठी जाताना प्रमाणपत्र क्रमांक, छायाचित्रे आणि निर्यातीचे कागद जपून ठेवावे लागतात. डबा फोडून पाठवला तर परत येताना प्रमाणपत्र क्रमांक नवा असतो, हे लक्षात घेऊन मुखपृष्ठाच्या ओळखखुणा आधीच लिहून ठेवाव्यात. शंभर वर्षांची अट असलेला १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा या अंकांना लागू होत नाही, त्यामुळे ती भीती नको.

बहुतेक पुणेकर संग्राहक एखाद्या मध्यस्थाच्या गठ्ठ्यातून अंक पाठवतात. त्यात गैर काही नाही. पण अंक कोणाच्या खात्यावर जाणार, नोंदी कोणाला मिळणार, वाटेत नुकसान झाले तर भरपाई कोण देणार, आणि प्रेसिंग नको असेल तर ते होणार नाही याची हमी काय, हे लिहून घ्यावे. ‘ग्रेड नक्की वाढवून देतो’ असे म्हणणाऱ्याला अंक देऊ नये. ही हमी कोणीही देऊ शकत नाही, कारण तपासनीस वेगळे आहेत.

आणि खरेदीदारांसाठी एक गोष्ट. २०२३ च्या अखेरीस डबा बदलून देण्याच्या सेवेचा गैरफायदा घेऊन कमी दर्जाचे अंक जास्त ग्रेडच्या लेबलखाली गेल्याचे उघड झाले. तेव्हापासून डबा नवा कोरा आहे एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून अंक, ग्रेड, लेबलचा रंग जुळतो का पाहावे. कडांवर पांढरट घासल्याच्या खुणा किंवा पुन्हा चिकटवलेला जोड दिसतो का ते बघावे. ९.८ लिहिलेल्या स्लॅबमध्ये तुम्हाला उघड्या डोळ्यांनी रंग तुटलेल्या चार रेघा दिसत असतील, तर लेबलपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

एक विनंती आपल्याकडे आहे. पुरवणीत यापुढे जुन्या अंकांच्या किमती छापाल तेव्हा ग्रेडसोबत लेबलचा रंग, कागदाचा दर्जा आणि किंमत मागितलेली आहे की प्रत्यक्ष विक्रीची, हे तीन रकाने द्यावेत. गेल्या तक्त्यात एक निळा आणि एक जांभळा अंक शेजारी शेजारी, फक्त ग्रेडच्या आकड्याने छापला गेला होता, आणि त्यावरून आपलाही अंक तेवढ्याचाच आहे असे समजून विचारणा सुरू झाली आहे.

आपले,
जुन्या चित्रकथांचे काही संग्राहक,
सदाशिव पेठ, पुणे